ग्विडिरचे विन: मृत्युपत्रांतून एका वेल्श घराण्याचा माग

कॉन्वीकाठ

लानरूस्त हे उत्तर वेल्समधलं, कॉन्वी नदीकाठचं छोटं बाजारगाव. नदीवर १६३६ सालचा तीन कमानींचा दगडी पूल आहे. तो ओलांडून थोडं पुढे गेलं की झाडीत ग्विडिरचा वाडा लागतो. मी इथून जवळच राहते. दवाखान्यातली पाळी संपली की याच पुलावरून घरी जाते, आणि गेली चार वर्षं त्या वाड्यातली माणसं माझ्या डोक्यातून गेलेली नाहीत. जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

वाडा विन घराण्याचा. गावच्या चर्चमध्ये त्यांचं वेगळं दालन आहे, १६३० च्या दशकात बांधलेलं. तिथे त्यांच्या माणसांचे चेहरे पितळी पत्र्यांवर कोरलेत, आणि जवळच थोरल्या लिवेलिन राजाची रिकामी दगडी शवपेटी ठेवलेली आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा त्या पत्र्यांवरच्या बायकांकडेच बराच वेळ बघत राहिले. घरी येऊन छापील वंशावळी उघडल्या, तर त्यातल्या बहुतेकींची बोळवण एका ओळीत केलेली: अमक्याची मुलगी, तमक्याची बायको. मग मी जुनी मृत्युपत्रं वाचायला लागले.

माझं म्हणणं आधीच सांगते. वेल्श जमीनदार घराण्याचा माग काढायचा असेल तर थोरल्या मुलांच्या रांगेमागे जाऊ नका, बायकांमागे जा. घर कुठून कुठे गेलं ते त्यांच्यामुळेच कळतं.

सुरुवात भाऊबंदकीपासून करावी लागेल. जुन्या वेल्श कायद्यात बापाची जमीन सगळ्या मुलग्यांत सारखी वाटली जाई. दोन-तीन पिढ्यांत तुकडे पडत आणि तंटे वाढत. विन घराण्याचा उदय ज्याच्यापासून झाला तो मरेदिद अब येवान १५२५ मध्ये वारला. त्याचा पणतू सर जॉन विन (१५५३–१६२७) याने घराण्याचा इतिहास लिहून ठेवला होता, तो पहिल्यांदा छापला गेला १७७० मध्ये. त्यात मरेदिदने वडिलांची आयव्हिओनिदमधली जागा का सोडली याचं कारण दिलंय: तिथेच राहिलो तर एक तर भाऊबंदांना मारावं लागेल, नाही तर त्यांच्या हातून मरावं लागेल. म्हणून तो डोलविदेलानच्या किल्ल्यात, चोर-दरोडेखोरांनी भरलेल्या रानात येऊन राहिला. परक्यांशी लढणं परवडलं, पण आपल्या रक्ताच्या माणसांशी नको. बांधावरून झालेली भांडणं ज्यांनी घरात पाहिली आहेत त्यांना हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. मी तरी ते वाचून पुस्तक मिटलं आणि आजोबांच्या चुलतभावांचा विचार करत बसले.

१५३५ आणि १५४२ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या कायद्याखाली आला आणि वाटणीची पद्धत गेली. जमीन थोरल्याकडे जाऊ लागली. १५४० च्या कायद्याने ती मृत्युपत्राने देण्याची मुभा मिळाली. त्यामुळे धाकट्या मुलग्यांना आणि मुलींना काय मिळालं, हे पाहायचं ठिकाण म्हणजे लग्नाचा करार किंवा मृत्युपत्र.

दुसरी अडचण आडनावांची. मरेदिद अब येवान म्हणजे येवानचा मुलगा मरेदिद. कायमचं आडनाव नव्हतंच, दर पिढीत शेपूट बदलायचं. मरेदिदचा मुलगा जॉन. त्याला 'विन', म्हणजे गोरा, हे विशेषण चिकटलं आणि पुढच्या पिढीने तेच आडनाव केलं. इतरांच्या बाबतीत 'अब' किंवा 'अप' (दोन्हींचा अर्थ 'मुलगा') बापाच्या नावालाच जोडलं गेलं: अप ह्रीसचा प्राइस, अप हवेलचा पॉवेल, अप हॅरीचा पॅरी, अब ओवेनचा बोवेन. चार सख्ख्या भावांची चार आडनावं सहज सापडतात. बापाच्या मृत्युपत्रात ते चौघं एका ओळीत येतात तेव्हाच कळतं की हे एकाच घरातले.

आता मुख्य गोष्ट. सर जॉन १६११ मध्ये बॅरोनेट झाला. हा किताब वंशपरंपरेने चालतो, पण फक्त मुलग्यांकडून. थोरला मुलगा १६१४ मध्ये इटलीत लुक्का इथे वारला. किताब दुसऱ्या मुलाकडे, रिचर्डकडे गेला. त्याला मूल नव्हतं, १६४९ मध्ये तो गेल्यावर भाऊ ओवेन आला, १६६० नंतर ओवेनचा मुलगा रिचर्ड. या रिचर्डला एकच मुलगी, मेरी. तो १६७४ मध्ये वारला आणि इथे घराण्याचे दोन तुकडे झाले. ग्विडिर मेरीकडे राहिलं आणि १६७८ मध्ये तिच्या लग्नाबरोबर बर्टी नावाच्या इंग्लिश सरदार घराण्यात गेलं. किताब मात्र चुलत घरातल्या दुसऱ्या जॉन विनकडे गेला, पाचवा बॅरोनेट. जुना वाडा नसलेला वारस!

त्याला घर मिळालं ते बायकोमुळे. तिचं नाव जेन इव्हान्स, रेक्सॅमजवळच्या वॉटस्टे या इस्टेटीची वारस. त्याने त्या जागेचं नाव बदलून विनस्टे केलं. इस्टेट तिची आणि नाव त्याचं. हे कळल्यापासून मी विनस्टेबद्दल बोलताना तिचा उल्लेख केल्याशिवाय राहत नाही.

त्यांना मूल नव्हतं. १७१९ मध्ये तो म्हातारा होऊन वारला आणि त्याच्या मृत्युपत्राने सगळं वॉटकिन विल्यम्स नावाच्या नातलगाला मिळालं. हा कोण? पुरुषांच्या रांगेत शोधलात तर मिळणार नाही. सर जॉनचा एक मुलगा विल्यम, त्याची मुलगी सिडनी (हे तेव्हा मुलीचंही नाव असे), तिची मुलगी जेन थेलवॉल, आणि जेनचा मुलगा वॉटकिन. त्याने विन हे नाव आपल्या नावाला जोडलं आणि विल्यम्स-विन घराणं सुरू झालं. पुढे त्यांची जमीन एक लाख एकरांच्या वर गेली.

म्हणजे पन्नासेक वर्षांत तीन वळणं आली, आणि तिन्ही बायकांमुळे: मेरीने ग्विडिर बाहेर नेलं, जेन इव्हान्सने विनस्टे आणलं, जेन थेलवॉलच्या रक्तामुळे वॉटकिन नातलग ठरला. विनांचा बॅरोनेट किताब १७१९ मध्येच संपला. वॉटकिनला पुढे 'सर' लागलं ते त्याच्या आजोबांना, म्हणजे पार्लमेंटचे स्पीकर राहिलेल्या विल्यम विल्यम्सना १६८८ मध्ये मिळालेल्या वेगळ्या किताबामुळे. मृत्युपत्राने जमीन देता येते, किताब देता येत नाही. या एका मुद्द्यावर मी सुरुवातीला फार अडखळले होते.

काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

---

पारावरचा

वाचनखूण साठवली. ही मृत्युपत्रं पाहायला मिळतात कुठे? तिथे राहणाऱ्यांनाच, की पुण्यात बसूनही?

---

कॉन्वीकाठ

पारावरचा, पुण्यात बसूनही. अॅबरिस्टविथला वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे. १८५८ पूर्वीची १,९०,००० हून अधिक वेल्श मृत्युपत्रं त्यांनी छायाचित्रांसह फुकट खुली केली आहेत. नाव, गाव, साल टाकून शोधता येतं.

आता हे समजून घ्या की १८५८ पर्यंत मृत्युपत्र मंजूर करण्याचं काम चर्चच्या न्यायालयांकडे होतं. वेल्समध्ये चार बिशप: बँगॉर, सेंट असफ, सेंट डेव्हिड्स आणि लँडाफ. माणूस ज्या बिशपच्या हद्दीत राहायचा तिथे कागद जायचा. पण एकाहून जास्त हद्दींत पाच पौंडांच्या वर माल असेल तर प्रकरण वर, बहुधा कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयात जाई. जमीनदार बहुतेक याच गटात मोडतात, त्यांची मुलं लंडनला वकिली शिकायला, व्यापाराला असत. म्हणून मोठी घराणी अॅबरिस्टविथमध्ये न सापडता लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडतात. लोक इथेच हात टेकतात: वेल्श माणूस वेल्समध्येच शोधत बसतात.

आणि १६५३ ते १६६० मध्ये राजाच नव्हता, बिशपही नव्हते. त्या काळात सगळ्यांची मृत्युपत्रं लंडनच्या एकाच न्यायालयात गेली, अगदी साध्या शेतकऱ्याचीही. १२ जानेवारी १८५८ पासून काम सरकारी कोर्टाकडे आलं.

---

जुनीशाई

ताई, छान लिहिलंय. मी मोडी वाचते, म्हणून विचारते. सोळाव्या शतकातलं इंग्रजी हस्ताक्षर वाचायला किती जड जातं? मोडीत एकदा लेखनिकाचं वळण सापडलं की पुढची पानं धावतात, तसं काही आहे का?

---

कॉन्वीकाठ

जुनीशाई, अगदी तसंच. आजोबांकडे मोडीतली गहाणखतं होती, त्यांच्या मांडीवर बसून मी ती पाहिली आहेत. तोच धीर इथे कामाला आला. एकाच लेखनिकाची दोन-तीन पानं घ्यायची, ओळखीच्या शब्दांवरून त्याची अक्षरं वेगळ्या कागदावर उतरवून ठेवायची, आणि न लागलेला शब्द अंदाजाने भरायचा नाही, जागा रिकामी सोडायची. अंदाजाने भरलेला शब्द नंतर डोळ्यांना खराच वाटायला लागतो.

सुरुवात पाठ झालेली असली की मोठाच आधार. देवाच्या नावाने आरंभ, मग आत्मा देवाला, देह चर्चच्या आवारात, मग बिशपच्या मोठ्या चर्चला काही पेनी, मग गरिबांना. हे साचेबंद असतं. खरा माणूस त्यानंतर बोलायला लागतो. शेवटी कोर्टाचा शेरा लॅटिनमध्ये, १७३३ पर्यंत. भीती वाटायचं कारण नाही, त्यातही चार-पाच ठरावीक वाक्यं फिरून फिरून येतात.

तारखांना मात्र जपा. १७५२ पर्यंत तिथे नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. 'फेब्रुवारी १६४०' लिहिलंय म्हणजे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १६४१. शेजारच्या एका घराण्यात मी हे विसरले आणि बाप मुलाच्या आधी मेला की नंतर, यावर दोन आठवडे घालवले. सगळी पिढी उलटी मांडून ठेवली होती.

---

सह्याद्रीपायथा

माझ्या नवऱ्याच्या पणजीचं माहेर वेल्समधलं. एका जुन्या मृत्युपत्रात थोरल्या मुलाला फक्त एक शिलिंग ठेवलाय. घरात सगळे म्हणतात बापाने त्याला टाकला होता. खरंच तसं असेल का हो?

---

कॉन्वीकाठ

सह्याद्रीपायथा, लगेच तसं धरू नका. बहुतेक वेळा त्या मुलाला त्याचा वाटा आधीच मिळालेला असतो, लग्नाच्या वेळी किंवा शेत लिहून देताना. मग मृत्युपत्रात एक शिलिंग ठेवतात, म्हणजे उद्या तो कोर्टात म्हणू शकत नाही की बाप मला विसरला. आधी त्याच्या लग्नाच्या सुमाराचे करार शोधा. जमीन मुळात थोरल्यालाच जाणार असेल तर तिचा उल्लेखही नसतो.

असाच गैरसमज बायकोबद्दल होतो. वेल्समध्ये १६९६ पर्यंत रूढी अशी होती की जंगम मालमत्तेतला ठरावीक वाटा बायकोला आणि मुलांना मिळणारच, नवऱ्याने काहीही लिहिलं तरी. म्हणून त्या काळच्या मृत्युपत्रात बायकोचं नाव नसेल तर तिला वाऱ्यावर सोडलं असा अर्थ होत नाही. तिचा हक्क ठरलेलाच होता.

आणि नात्याचे शब्द! आपल्याकडे चुलत, मामे, आते, मावस एवढं स्वच्छ असताना त्यांच्या एका 'कझिन'मध्ये पुतण्या, भाचा, नातू, दूरचा नातलग सगळे मावतात. 'सन-इन-लॉ' म्हणजे कित्येकदा जावई नसून सावत्र मुलगा असतो. 'ब्रदर' म्हटलं तर मेहुणा किंवा साडूही असू शकतो. 'माझी आत्ताची बायको' असं लिहिलं असेल तर त्याआधी एक होती असं सिद्ध होत नाही. वकील ते शब्द घालायचे, ही मेली आणि नंतर दुसरी आली तर तिने हक्क सांगू नये म्हणून.

बेरेनच्या कॅट्रिनचंच बघा. ती १५९१ मध्ये वारली. तिने चार लग्नं केली: जॉन सॉल्सबरी, मग अँटवर्पला व्यापार करणारा सर रिचर्ड क्लफ, मग ग्विडिरचा मॉरिस विन, शेवटी एडवर्ड थेलवॉल. मॉरिस म्हणजे आमच्या सर जॉनचा बाप, म्हणजे ती सर जॉनची सावत्र आई. वेल्समध्ये तिला 'वेल्सची आई' म्हणतात, इतकी घराणी तिच्यातून जोडली गेली. पहिल्या लग्नाचा तिचा मुलगा थॉमस राणी एलिझाबेथविरुद्धच्या कटात सापडला आणि १५८६ मध्ये त्याला देहदंड झाला. या चार घरांच्या कागदांत 'सन-इन-लॉ' आला की प्रत्येक वेळी थांबून विचार करावा लागतो. मी तर भिंतीवर तिचाच वेगळा तक्ता लावलाय.

---

राजगडवेडा

धागा फार आवडला. एक विचारू? मद्रासचा गव्हर्नर एलिहू येल वेल्श होता ना? जिंजीच्या राजाराम महाराजांच्या काळातला?

---

कॉन्वीकाठ

राजगडवेडा, तुम्ही माझ्या आवडीच्या ठिकाणी आलात. येलचा जन्म १६४९ मध्ये अमेरिकेत बॉस्टनला, पण घराणं रेक्सॅमजवळचं वेल्श जमीनदार. तो मद्रासला कंपनीत कारकून म्हणून आला आणि १६८७ मध्ये गव्हर्नर झाला. राजाराम महाराज जिंजीला असताना, १६९० मध्ये, कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला कंपनीने मराठ्यांकडून विकत घेतला, तो येलच्याच कारकिर्दीत. त्याला नाव दिलं फोर्ट सेंट डेव्हिड. संत डेव्हिड म्हणजे वेल्सचा संत! तोफ डागायची आणि गोळा पडेल तिथपर्यंतची गावं किल्ल्याची, अशी हद्द ठरली होती.

आणि या धाग्याशी थेट संबंध असा: हा एवढा श्रीमंत माणूस १७२१ मध्ये लंडनला वारला तेव्हा पक्कं, सहीचं मृत्युपत्र मागे नव्हतं. त्याच्या वस्तूंचे लिलाव झाले. रेक्सॅमच्या सेंट जाइल्स चर्चच्या आवारात त्याची कबर आहे, मी दोनदा जाऊन आले. ज्याच्या नावाने अमेरिकेत एवढं मोठं विद्यापीठ उभं आहे, त्याच्या मनात कुणाला काय द्यायचं होतं हे त्याच्या स्वतःच्या शब्दांत वाचायला मिळत नाही, याची मला हळहळ वाटते.

वेल्श घराण्यांतले धाकटे मुलगे कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथे मेयरची न्यायालयं झाली, ती मृत्युपत्रं मंजूर करत. ते कागद आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. वेल्समध्ये धाकट्या भावाचा माग तुटला तर तिथे पाहावं.

---

मावळतीचंऊन

बायकांमागे जा म्हणताय, पण लग्न झालेल्या बाईला मृत्युपत्र करता येत होतं का?

---

कॉन्वीकाठ

मावळतीचंऊन, नवऱ्याच्या संमतीशिवाय नाही, आणि ही स्थिती १८८२ च्या कायद्यापर्यंत होती. म्हणून बायकांची जी मृत्युपत्रं मिळतात ती विधवांची आणि लग्न न केलेल्यांची. आणि तीच सर्वांत भरलेली. नवरा जमीन आणि मोठ्या रकमा लिहितो. विधवेला जमीन बहुधा वाटायची नसते, म्हणून ती वस्तू वाटते: कुठला पलंग, कुठलं पितळेचं पातेलं, कुठला झगा, आणि कोणाला. त्यात सुना येतात, नाती येतात, मोलकरणी येतात, देवमुली (बाप्तिस्म्याच्या वेळी जिची धर्ममाता झाली त्या मुली) येतात. एका विधवेच्या एका पानातून मला तीन पिढ्यांतल्या अकरा बायकांची नावं मिळाली, त्यातल्या सात कुठल्याही छापील वंशावळीत नव्हत्या.

वेल्समध्ये आणखी एक सोय आहे. लग्नानंतरही बाई बापाचंच नाव लावायची, 'एलिन व्हेर्ख ह्रीस', म्हणजे ह्रीसची मुलगी एलिन. सतराव्या शतकात आणि त्यानंतरही हे सापडतं. म्हणजे विधवेच्या मृत्युपत्राच्या पहिल्याच ओळीत तिचं माहेर मिळतं. इंग्लंडमध्ये त्यासाठी वर्षं घालवावी लागतात.

---

सह्याद्रीपायथा

ताई, काल रात्री बसले आणि सासरच्या त्या घराण्यातल्या विधवेचं मृत्युपत्र खरंच सापडलं! सेंट असफचं, १६७१ चं. सोबत वस्तूंची चार पानी यादी आहे. गाई, मेंढ्या, कथलाची ताटं, चरखे. जमिनीचा शब्द नाही. गरीब झाले होते का हे लोक?

---

कॉन्वीकाठ

अभिनंदन! किती बरं वाटलं वाचून. गरीब म्हणू नका. त्या यादीत मालकीची जमीन धरतच नसत, फक्त जंगम वस्तू, जनावरं, येणं-देणं. त्यामुळे मोठा जमीनदारही यादीत साध्या शेतकऱ्यासारखा दिसू शकतो.

आता शेवटचं पान उघडा. यादी करणाऱ्या दोन-चार माणसांची नावं खाली असतील. ते शेजारी असतात, पुष्कळदा दीर, जावई, भाऊ. त्यांची नावं जशी लिहिली आहेत तशीच इथे टाका, स्पेलिंग सुधारू नका. त्यात कुठे 'अप' दिसला तर तो आधी सांगा, मी आज रात्री पाळीवर नाही.